हरलेला खेळाडू आणि आपण



कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसास व्याख्यानाला बोलावले, की तो मजुरीचे दर, बोनस आणि भविष्यनिर्वाह निधी यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती बहुधा खरी ठरते. आज आम्ही ती थोडी मोडणार आहोत. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'खेळ' असे सांगितले, आणि ते क्षणभर आमच्या सुटलेल्या पोटाकडे पाहत राहिले. त्यांचे बरोबर होते. आम्ही खेळाडू नव्हे, आणि कधी नव्हतोही. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही वाचले ते वाचनालयाच्या बाकावर बसून. परंतु प्रेक्षक म्हणून आमची नोकरी चाळीस वर्षांची आहे, आणि आजचा विषयही प्रेक्षकाचाच आहे. खेळाडू हरत असता, चुकत असता आपण त्यास काय बोलतो, तसे बोलण्याचा आपला हक्क किती, आणि तो खेळाडू आपणांस काय उत्तर देतो, एवढाच आमचा प्रश्न.

आणखी एक खुलासा करतो. आम्ही स्वतःस 'आम्ही' म्हणतो, तो मोठेपणा नव्हे. गेटसभेत 'मी' म्हटले की मागून कोणीतरी 'तू एकटाच का?' असे विचारतो. त्या भीतीने ही सवय लागली आहे. पण आता जी गोष्ट सांगणार आहोत, ती मात्र आम्ही एकट्यानेच केलेली आहे.

आम्ही अठरा-एकोणीस वर्षांचे होतो. आपल्या भागातील एका गावच्या जत्रेत कुस्त्यांचा हगामा भरला होता. आपल्यापैकी अनेकांनी तो देखावा पाहिला आहे: हलगी कडाडते आहे, नारळावरच्या कुस्त्या संपून इनामाच्या कुस्त्या लागल्या आहेत, झाडांच्या फांद्यांवरसुद्धा माणसे बसली आहेत. एका कुस्तीत एक गडी सारखा मागे सरकत होता. हात धरू देईना, पट काढू देईना. लोक ओरडू लागले. कोणी 'बांगड्या भर' म्हणाले, कोणी 'पैसे खाल्ले' म्हणाले. आम्हीही ओरडलो, आणि ओरडून समाधान होईना म्हणून मातीचे एक ढेकूळ उचलून भिरकावले. तो गडी अखेर चितपट झाला. आम्ही भेळ खाऊन घरी आलो.

पुढे सात-आठ वर्षांनी आम्ही संघटनेच्या कामास लागलो. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात गेल्या म्हणजे त्यांच्या मागोमाग जावे, कोप्यांतून हिंडावे, उचल किती घेतली, मुकादमाने किती कापली, हे लिहून घ्यावे, असे ते काम. एका रात्री एका कोपीपुढे शेकत बसलो असता कुस्त्यांचा विषय निघाला, आणि जळणापलीकडे बसलेला गडी तोच निघाला. तो म्हणाला, "त्या साली खांदा गेला होता. उसाच्या मोळ्या गाडीत चढवता चढवता गेला. पण इनामाचे पैसे पाहिजे होते, म्हणून लंगोट लावला. हरणार हे माहीतच होतं. ढेकळं फेकली लोकांनी. मला लागलं नाही, पण माझी माय समोरच बसली होती." बंधुभगिनींनो, ते ढेकूळ कोणाचे होते हे आम्ही त्या रात्री त्यास सांगितले नाही. आज प्रथमच चार माणसांत सांगत आहोत. तो गडी आता हयात नाही.

यातून खेळाडूस बोलूच नये असा अर्थ काढू नका. बोलले पाहिजे. कुस्तीच्या फडात वस्ताद बसलेला असतो. तो तर आपल्या पठ्ठ्यास सर्वांत कडक बोलतो. परंतु वस्तादाच्या बोलण्यात आणि आमच्या ढेकळात फरक होता, आणि तो नेमका कोणता, याचा शोध आम्ही पुढे बरीच वर्षे घेत राहिलो. या शोधात आम्हांस सर्वांत मोठी मदत झाली ती फुटबॉलच्या खेळाची. बीडमध्ये फुटबॉल फारसा नाही, हे आम्ही जाणतो. पण एका सामन्याची हकीगत ऐका.

सन २०१८ चा जून महिना. मुंबईत अंधेरीच्या मैदानावर चार देशांची एक स्पर्धा भरली होती. १ जूनला भारताने चिनी तैपेईचा ५-० असा पराभव केला. कर्णधार सुनील छेत्री याने एकट्याने तीन गोल केले. आपल्या देशाने पाच गोलांनी जिंकावे आणि ते पाहावयास माणसे किती असावीत? सव्वा कोटीच्या मुंबई शहरात अवघी अडीच हजारांच्या आसपास! दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक छोटी चित्रफीत लोकांपुढे ठेवली. त्याच्या बोलण्याचा आशय असा होता: तुम्ही युरोपातल्या संघांचे चाहते आहात, आमचा खेळ त्या पातळीचा नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण दुरून, घरी बसून आम्हांस शिव्या देण्यात काय मौज आहे? मैदानावर या. तोंडावर ओरडा, टीका करा, शिव्या द्या. कोणी सांगावे, एखादे दिवशी तुमचे मन पालटेल आणि तुम्ही आमच्या बाजूने ओरडू लागाल.

४ जूनला केनियाविरुद्ध सामना होता. तो छेत्रीचा देशासाठी शंभरावा सामना. सगळी तिकिटे खपली. त्या संध्याकाळी मुंबईचा पाऊस असा कोसळला की मैदानात पाणी साचले. पण माणसे उठली नाहीत. पूर्वार्धात एकही गोल झाला नाही. उत्तरार्धात भारताने तीन केले, त्यांतले दोन छेत्रीचे. ७ जूनला न्यूझीलंडकडून भारत २-१ असा हरला. आणि आता आमच्या मते महत्त्वाची गोष्ट येते: हरल्यावरही लोक आले. १० जूनच्या अंतिम सामन्यात छेत्रीने पुन्हा दोन गोल करून केनियास नमविले आणि चषक जिंकला.

या हकीगतीत नवल वाटावे असे काय आहे? खेळाडूने 'माझी स्तुती करा' असे म्हटले नाही. 'टीका करू नका' असेही म्हटले नाही. त्याने एकच अट घातली: हजर राहा. आम्ही संघटनेतली माणसे आहोत, आम्हांस ही अट ताबडतोब कळली. कारण जो सभेस येतो, त्यास पुढाऱ्याला फैलावर घेण्याचा हक्क आहे. जो वर्गणी देतो, त्यास हिशेब मागण्याचा हक्क आहे. जो दोन्ही करीत नाही आणि फक्त पानाच्या टपरीवर 'सगळे चोर आहेत' असे सांगत बसतो, त्याचे तोंड कोणी धरणार नाही. पण त्यास टीकाकार म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

हजर राहण्याने माणसात काय फरक पडतो, हे कोल्हापुरात पाहावे. फुटबॉलचे वेड महाराष्ट्रात खरोखर कोठे असेल तर ते तेथे. संघांची नावेसुद्धा तालमींची: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. पेठेचा संघ हरला तर सारी पेठ जेवत नाही. शाहू स्टेडियमवर जो शिव्या घालतो, त्यास दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या कट्ट्यावर तोच खेळाडू भेटतो. तोंडासमोर बोलायचे असले म्हणजे जीभ आपोआप जपून चालते. आम्ही कोल्हापूरचे गोडवे गाण्यास उभे नाही. समर्थकांच्या हाणामाऱ्या, दगड आणि बाटल्या हे प्रकार तेथेही झाले आहेत, आणि ते निंद्यच आहेत. म्हणजे नुसते हजर राहणे पुरेसे नाही. आम्हीही त्या हगाम्यात हजरच होतो की! म्हणून दुसरा प्रश्न विचारावा लागतो: टीका कशावर करावयाची?

आमच्या अनुभवाने टीका तीन जागी लागते. पहिली कामावर, दुसरी इमानावर, तिसरी जन्मावर.

कामावरची टीका म्हणजे 'पास चुकला', 'पाय सुटला', 'धावणे कमी पडले'. ही टीका म्हणजे प्रेक्षकाचा हक्कच आहे. गेल्या काही वर्षांत भारतीय फुटबॉलची जी घसरण झाली, तिच्याबद्दल लोक रागावले तर ते योग्यच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात फातोर्डा मैदानावर सिंगापूरने आपणांस २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाची दारे आपणांस बंद झाली. एकशेचाळीस कोटींच्या देशास हे शोभत नाही, असे म्हणण्यास कोणी फुटबॉलपटू असण्याची गरज नाही. 'तुम्ही कधी चेंडूस पाय लावला आहे काय?' असे विचारून प्रेक्षकाचे तोंड बंद करणारे खेळाडू असतात. त्यांचे म्हणणे आम्ही मान्य करीत नाही. भाकरी करपली हे सांगण्यास चुलीपुढे बसलेच पाहिजे असे नाही. मात्र करपली कशाने, ओल्या जळणाने की तव्याने, हे विचारण्याची तयारी हवी.

कारण कामामागची अवस्था प्रेक्षकास दिसत नाही. मार्च २००६ मध्ये वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकर एक धाव काढून बाद झाला, आणि त्याच्याच गावच्या प्रेक्षकांपैकी काहींनी त्याची हुर्यो उडविली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. आमच्या त्या ऊसतोड्याचाही खांदाच होता! एक मनुष्य जगप्रसिद्ध, दुसऱ्याचे नाव त्याच्या गावाबाहेर कोणास ठाऊक नाही. पण दुखणे एकच, आणि प्रेक्षकांचे अज्ञानही एकच. तेंडुलकरने भांडण केले नाही. तो खेळत राहिला. त्याच मैदानावर २ एप्रिल २०११ रोजी लोकांनी त्यास विश्वचषकासह पाहिले, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये तेथेच ७४ धावा काढून त्याने निरोप घेतला, तेव्हा तेच शहर रडले.

दुसरी टीका इमानावरची. 'विकला गेला', 'मुद्दाम हरला', 'पैसे खाल्ले'. पुरावा असेल तर ही टीका नव्हे, तो आरोप होय, आणि त्याची चौकशी झालीच पाहिजे. पुरावा नसताना हा शब्द उच्चारणे म्हणजे एखाद्याच्या घरास आग लावण्यासारखे आहे. अजित वाडेकरांचे उदाहरण घ्या. १९७१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने प्रथम वेस्ट इंडिजमध्ये आणि नंतर इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. इंदुरात त्या विजयाची आठवण म्हणून काँक्रीटची एक प्रचंड बॅट उभारली गेली. तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, तेच कर्णधार, तोच इंग्लंड. लॉर्ड्सवर संघ ४२ धावांत कोसळला आणि मालिका ३-० अशी गेली. इकडे वाडेकरांच्या घरावर दगड पडले, आणि इंदूरच्या त्या बॅटीस काळे फासण्यात आले. पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळल्यावर त्यांनी निवृत्ती पत्करली. त्यांची फलंदाजी चुकली होती, डावपेचही चुकले असतील. पण दगड चुकीवर पडत नसतो, तो घरावर पडतो, आणि घरात बायकापोरे असतात. याच वाडेकरांना १९९० च्या दशकात देशाने पुन्हा बोलावले आणि संघाचे व्यवस्थापक केले. ते आले. मनात अढी धरून बसले नाहीत. दगड मारणाऱ्यांपैकी कोणी त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली असेल काय? आम्हांस शंका आहे. कारण आम्हांस आमचा स्वभाव ठाऊक आहे.

इमानावरच्या शब्दाचे टोक कोठवर जाते हे पाहावयाचे तर फुटबॉलच्या जगात डोकवावे. १९५० मध्ये ब्राझील आपल्याच घरी उरुग्वेकडून २-१ असा हरला. दोष गोलरक्षक बार्बोसाच्या माथी आला. तो २००० साली वारला, तोवर लोकांनी त्यास क्षमा केली नाही. आमच्या देशात मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची असते, आपण मात्र पन्नास वर्षे भोगली, अशा अर्थाचे उद्गार तो काढीत असे. आणि १९९४ मध्ये कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून विश्वचषकात स्वतःच्याच संघावर गोल झाला. मायदेशी परतल्यावर, त्या गोलानंतर दहाच दिवसांनी, मेदेयीन शहरात त्यास गोळ्या घालून ठार मारण्यात आले. मैदानावरची चूक ही मैदानावरच संपली पाहिजे. ती माणसाच्या घरापर्यंत गेली की तो खेळ राहत नाही.

तिसरी टीका जन्मावरची. तिला आम्ही टीका म्हणतच नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो येथे भारतीय महिलांचा हॉकी संघ उपान्त्य सामन्यात अर्जेंटिनाकडून हरला. त्याच संघातील वंदना कटारिया हिच्या हरिद्वारजवळच्या गावात, तिच्या घरापुढे काही लोकांनी फटाके उडविले आणि जातीवाचक शिवीगाळ केली, अशी तक्रार तिच्या घरच्यांनी केली. पोलिसांनी गुन्हा नोंदविला. याच मुलीने काही दिवसांपूर्वी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एका सामन्यात तीन गोल केले होते. त्याच वर्षी जुलैत युरोपच्या अंतिम सामन्यात पेनल्टी चुकलेल्या इंग्लंडच्या तीन तरुणांना त्यांच्या कातडीच्या रंगावरून गलिच्छ शिव्या ऐकाव्या लागल्या. त्यांतला मार्कस रॅशफर्ड याने जे सांगितले त्याचा मथितार्थ असा: माझी पेनल्टी चुकली याबद्दल मी क्षमा मागेन, पण मी जो आहे त्याबद्दल मागणार नाही. मराठवाड्यातल्या माणसांना हे वाक्य समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या गावकुसाने ते शेकडो वर्षे ऐकावयास नकार दिला होता. आणि वंदनाचे उत्तर? दोनच दिवसांनी कांस्यपदकाच्या सामन्यात ती उतरली. भारत तो सामना ४-३ असा हरला, पण त्या तिनांतला एक गोल तिचा होता.

आता खेळाडूंच्या उत्तराकडे वळू. खेळाडू हाही माणूसच. त्याचे उत्तर कधी चुकते. जानेवारी १९९५ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा एरिक कँटोना हा मैदानाबाहेर जात असता एका प्रेक्षकाने त्यास शिव्या दिल्या. कँटोनाने कठड्यावरून उडी घेऊन त्या प्रेक्षकाच्या छातीवर लाथ मारली. त्यास सुमारे आठ महिने खेळण्यास बंदी झाली. शिवी ऐकून हात उचलावासा वाटणे हे आम्ही समजू शकतो. गेटवर अनेकदा आमचीही मूठ आवळली गेली आहे. पण मूठ उगारणारा पुढारी आणि लाथ मारणारा खेळाडू दोघेही त्या क्षणी आपले काम सोडून देतात.

चांगले उत्तर कोणते, ते आपल्याच जिल्ह्याने दाखविले आहे. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे. शेतमजुरी आणि वीटभट्टीवर काम केलेल्या आईबापांचा मुलगा. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनच्या बर्फात पहारा दिला, आणि पुढे तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत उतरला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळविले; सुवर्ण हुकले ते पाच शतांश सेकंदाने. आपण सर्वांनी पेढे वाटले. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तो प्राथमिक फेरीतच सातवा आला आणि अंतिम फेरीस मुकला. तेव्हा याच शहरातल्या एका टपरीवर आम्ही चहा पीत होतो. पेढे खाल्लेल्या तोंडांनी 'हवा डोक्यात गेली' असे म्हटलेले आम्ही या कानांनी ऐकले. आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही मान डोलावली. सहा आठवड्यांनी, १ ऑक्टोबरला, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याच अविनाशने ८ मिनिटे १९.५० सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो अंतिम फेरीत पोहोचला; या शर्यतीत तेथवर गेलेला तो पहिला भारतीय पुरुष. तेथे अकरावा आला. अकरावा म्हणजे हरला, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा कमरेइतका ओंडका ओलांडून पलीकडच्या पाण्यात उडी मारून पाहावी.

आणखी एक उत्तर आहे. आमच्या धंद्यामुळे ते आम्हांस विशेष प्रिय आहे. ते म्हणजे एकी. १९०७ साली मँचेस्टरमध्ये फुटबॉल खेळाडूंनी आपली संघटना काढली. तिच्या पुढाऱ्यांत बिली मेरेडिथ होता, जो बाराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत कामास लागला होता. प्रेक्षकांना वाटत असे की खेळाडू चैनीत लोळतात. वास्तविक मालकांनी पगारावर वरची मर्यादा घालून ठेवली होती, आणि ती उठावयास १९६१ साल उजाडले. आपल्याकडेही २००६ मध्ये भायचुंग भुतिया यांच्या पुढाकाराने फुटबॉलपटूंची संघटना उभी राहिली. खेळाडू हा कामगारच आहे. त्याचे हत्यार म्हणजे त्याचे शरीर. ते मोडले की मुकादम दुसरा गडी पाहतो. म्हणून खेळाडूवर रागावताना आपण एवढे अवश्य विचारावे: याची दुखापत कोण पाहतो? याचा पगार वेळेवर होतो काय? याला सरावास मैदान कोणी दिले? पुष्कळदा आपला राग ज्या खुर्चीवर जावयास हवा ती खुर्ची सावलीत असते, आणि उन्हात उभा असलेला पोरगा तो राग झेलीत असतो.

आता शेवटची हकीगत, आणि मग थांबतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका गिरणीतल्या कामगारांचा संप आम्ही चालविला आणि तो हरलो. एकवीस दिवसांनी जवळजवळ जुन्याच अटींवर माणसे कामावर गेली. दुसऱ्या दिवशी गिरणीच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेले दिसले: 'विकला गेला'. खाली आमचे नाव. ते लिहिणारा पुढे कळला. तो एकवीस दिवसांत एकदाही गेटवर आला नव्हता. आम्ही दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. तिसऱ्या दिवशी सभा लावली, कारण न लावून चालण्यासारखे नव्हते. सभेत एक म्हातारी उठली. गिरणीत झाडलोट करणारी. एकवीस दिवस गेटवर बसलेली. ती म्हणाली, "दादा, तुम्ही चुकलात. बाराव्या दिवशी त्यांनी बोलावलं, तवा जायला पाहिजे होतं. तवा त्यांला गरज होती. तुम्ही ताठ्यात राहिलात. नंतर आमच्या घरातलं पीठ सरलं, मग कोणाचं काय चालणार?" सभा चिडीचूप झाली. बाईचा शब्द न् शब्द खरा होता. भिंतीवरच्या कोळशाने आमचा नुसता अपमान झाला होता, त्यातून आम्ही काही शिकलो नाही. म्हातारीच्या बोलण्याने अपमान झाला नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही, आणि पुढच्या संपात आम्ही वेळेवर बोलणीस गेलो. जाताना तिने एवढेच विचारले होते, "मग आता पुढची बैठक कधी?"

वस्तादाच्या बोलण्यात आणि आमच्या ढेकळात फरक कोणता, याचे उत्तर त्या बाईने दिले. तिने चूक नेमकी सांगितली, तोंडावर सांगितली, इमानावर डाग लावला नाही, आणि सांगून झाल्यावर ती पुढच्या बैठकीस येणार होती. हरलेल्या माणसास टीकेची भीती वाटत नाही. टीका करून लोक निघून जातील याची त्यास भीती वाटते. अंधेरीच्या मैदानात छेत्रीने लोकांकडे दुसरे काय मागितले होते?

आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीस जाणाऱ्या घरांची मुले सहा-सहा महिने शाळेस आणि मैदानास मुकतात. त्यांच्यातही कोणी धावणारा असेल, कोणी चेंडू मारणारा असेल. संध्याकाळी गावच्या मैदानावर दहा-वीस पोरे खेळत असतात. तेथे जाऊन तासभर उभे राहा. चुकले तर ओरडा. 'पास दे' म्हणून ओरडा, 'धाव' म्हणून ओरडा. पण उद्याही या. आणि पोरगा पडला, तर उचलून झाल्यावर त्याचा खांदा एकदा पाहा.

आमच्या बोलण्यात चुका झाल्या असतील. त्या नेमक्या सांगाव्यात, आणि समोर सांगाव्यात. अध्यक्षमहाराजांची परवानगी असेल तर त्या ऐकण्यास आम्ही या खुर्चीवर बसून राहतो.